ज्याच्याशी बोलेल त्याची बोली

वहिनी गेल्याची बातमी घेऊन कल्याणचे आमचे शेजारी सकाळच्या गाडीने ठाण्याला आले. त्यांची नोकरी इथल्याच कचेरीत, पण त्या दिवशी ते आधी टेंभी नाक्याजवळच्या आमच्या घरी आले, ओटीच्या पायरीशी उभे राहिले, आणि मी पाणी आणायला वळले तेव्हा म्हणाले, “पाणी नको, यमूताई.” तेवढ्यावरून मी समजले. मी दादाच्या घरी पोहोचले तोवर तिला नेलं होतं. माणसं आंघोळी करून परतली होती. दादा भिंतीला टेकून बसला होता. माझ्या या एकुलत्या एका भावाला इतकं म्हातारं झालेलं मी कधी पाहिलं नव्हतं. शेजारी बसून मी विचारलं, “शेवटी काही बोलली का रे?” त्याने मान हलवली. “ताप चढला तशी बोलायची थांबली. नुसती माझ्या तोंडाकडे बघत राहायची. मी काही बोललो की तिचे ओठ हलायचे... माझ्याबरोबर हलायचे, यमू. मी थांबलो की थांबायचे.”

या गोष्टीला आता दीड महिना होऊन गेला. तेराव्यापर्यंत मी कल्याणला होते, तेव्हा तळ्यावर धुणं घेऊन जाताना बायकांची कुजबुज कानावर यायची. ज्या बाईच्या तोंडून मेलेली माणसं बोलायची ती गेली, असं एकीने दुसरीला सांगितलेलं मी स्वतः ऐकलं. मेलेली माणसं खरंच तिच्या तोंडून बोलत होती की काय, हे मला आज इतक्या वर्षांनीही ठामपणे सांगता येणार नाही. पण त्या घरात काय घडलं ते मी पाहिलेलं आहे, आणि ते पाहणारी आता दादाखेरीज मीच उरले आहे. दादाने मला लहानपणी लिहायला शिकवलं, ते अशा कामासाठी वापरावं लागेल असं वाटलं नव्हतं.

लग्न होऊन आमच्या घरी आली तेव्हा वहिनी जेमतेम बारा वर्षांची असेल. नाव द्वारका. जन्म राजापूरच्या बाजूचा, पण तान्ही असतानाच आई गेली आणि वडील काशीला म्हणून गेले ते परत आलेच नाहीत. मग पोर या घरून त्या घरी फिरत राहिली. काही वर्षं नाशकाकडच्या मामाकडे, काही वर्षं वसईच्या मावशीकडे, मध्ये कुठल्याशा दूरच्या काकांकडे. ती हे सांगायची तेही दुसऱ्याच कोणाचं सांगावं तसं. माझं लग्न होऊन वर्ष झालं होतं, पण अजून मला सासरी न्यायचं होतं. त्यामुळे मी माहेरीच होते आणि वयाने तिच्याहून थोडीशीच मोठी. आमचं लगेच जमलं. मी नणंद म्हणून ती मला रीतीप्रमाणे वन्सं म्हणे, पण आम्ही दोघी परसातल्या चिंचेखाली बसून मैत्रिणींसारख्या बोलत असू.

आता आमच्या आईबद्दल सांगायला हवं. आई बेळगावकडची. तिकडच्या बायका स्वतःबद्दलही पुरुषासारखं बोलतात. मी आले, मी गेले असं न म्हणता मी आलो, मी गेलो म्हणतात. आणि वाक्यावाक्याला की लावतात. ये की, बस की, जेव की. आई लग्न होऊन कल्याणला आली तेव्हा तिच्या या बोलण्याला सगळी आळी हसली होती. आमचे वडील तात्या कोर्टात लिहिणारे, शुद्ध बोलण्याचा त्यांना फार अभिमान. आई स्वयंपाकघरातून “आलो की” म्हणाली की तात्या बाहेरून म्हणत, “आलो नाही, आले म्हणावं.” इतकी वर्षं ते तिला सुधारत राहिले आणि इतकी वर्षं ती आलोच म्हणत राहिली. तिने माहेरचं एवढंच काय ते जपलं होतं. पण बाहेरच्या माणसांसमोर ती जवळजवळ बोलतच नसे. हसतील म्हणून.

नव्या सुनेचा घरातला तो दुसरा का तिसरा दिवस. आई चुलीपाशी होती. तिने हाक मारली, “द्वारके, जरा इकडं ये की.” आणि माजघरातून वहिनीने ओ दिली, “आलो की, सासूबाई.” अगदी आईचा हेल, आईची धाप, शब्दाच्या शेवटी आई आवाज जसा खाली सोडायची तसाच सोडलेला. मी तिथेच डाळ निवडत होते. क्षणभर मला आई दोन ठिकाणी असल्यासारखी वाटली. आई पळी हातात घेऊन वळली. “मला वेडावतीस?” ती म्हणाली. वहिनी दारात उभी. तिला काही कळेना. “मी काय केलं?” तिने मला विचारलं, आणि हे मात्र तिने साधं, आपल्यासारखं विचारलं. आईने पळी खाली ठेवली आणि त्या दिवसापासून सुनेशी बोलणं टाकलं. चार महिने. वाढायची, पण बोलायची नाही.

मी वहिनीला बाजूला घेऊन विचारलं, तू असं का बोललीस? ती रडकुंडीला आली. “वन्सं, शपथ घेऊन सांगते, मी आलेच म्हणाले.” तिला खरंच ऐकू आलं नव्हतं. पुढे माझ्या ध्यानात आलं, की ज्याच्याशी बोलेल त्याची बोली तिच्या तोंडात उतरायची, आणि उतरली हे तिला समजायचं नाही. भटजी आले की ती त्यांच्यासारखं नाकात बोले. गावाकडचा कोणी कुळवाडी ओटीवर आला तर त्याच्यासारखं. लोकांना वाटे ही थट्टा करते आहे. कोणी हसत, बरेच जण रागावत. मावशीच्या घरी तिने याच्यासाठी मारही खाल्ला होता. मला वाटतं, पोर ज्या घरात जेवायची त्या घरातली दिसण्याची धडपड लहानपणी करत असणार, आणि ती धडपड पुढे जिभेतच राहून गेली. पण हे झालं माझं वाटणं.

आईचा राग गेला तो तापात. त्या भाद्रपदात तिला थंडीताप आला आणि ती भ्रमात बोलायला लागली. तिच्या आईला, म्हणजे आमच्या बेळगावच्या आजीला हाका मारत होती. कपाळावर घड्या घालायला वहिनी बसली होती. आई म्हणाली, “आई, मी इथं ऱ्हात न्हाई. ही माणसं मला हसतात.” आणि वहिनी तिच्या केसांवरून हात फिरवत म्हणाली, “हसू देत की. मी हाय न्हवं तुझ्याजवळ?” आईने डोळे उघडले. तिच्याकडे पाहिलं. तिला शुद्ध आली होती की नव्हती, देव जाणे. पण तापातून उठल्यावर तिला सुनेशिवाय पाणी गोड लागेना. भर दुपारी सगळी आडवी झाली की स्वयंपाकघरातून त्या दोघींचं बोलणं ऐकू येई. दोघी आलो, गेलो, खाल्लो म्हणत असत. डोळे मिटून ऐकलं तर कोण कुठली ते मला, तिच्या पोटच्या मुलीला, सांगता येत नसे.

परसदारी भाजी आणि मीठ घेऊन हिराबाई यायची. डोंबिवलीच्या पुढच्या खाडीकाठच्या एका गावातली आगरी बाई. तिच्याबरोबर तिची लहान मुलगी असायची, गंगी. गंगीला क म्हणता येत नसे. ती क च्या जागी त म्हणे. वहिनी हिराबाईशी बोलायला बसली की पाच मिनिटांत तिच्या तोंडी झाडाचं झार व्हायचं, खाडीची खारी, डोळ्याचे डोले. हिराबाईला त्याची मोठी मौज वाटे. “ही बाय आमच्यातलीच हाय गो,” असं ती इतर भाजीवाल्यांना कौतुकाने सांगे. शेजारच्या बायकांना मात्र ते बघवत नसे, आणि तात्यांनी एकदा ओटीवरून ऐकलं तेव्हा ते संतापून म्हणाले, “या घरात ही भाषा चालायची नाही.” वहिनीने मान खाली घातली आणि विचारलं, “कुठली भाषा, मामंजी?”

त्या वर्षी खाडीकाठच्या गावांत पटकीची साथ आली. हिराबाई यायची बंद झाली. पाऊस सरल्यावर एक दिवस ती परसदारी येऊन बसली, टोपलीत थोडीशी माठाची भाजी. बरोबर गंगी नव्हती. मी विचारलं नाही. तिच्याकडे बघूनच कळत होतं. वहिनी आतून आली, टोपलीपाशी टेकली, भाजी खालीवर करून पाहिली आणि म्हणाली, “आये, तांदं नाय आनलं ता?”

कांदे नाही आणले का, एवढंच. पण तो आवाज मोठ्या माणसाचा नव्हता. हिराबाई बसल्या जागी मागे सरकली. तिने टोपलीही उचलली नाही. उठली आणि वाटेने धावत सुटली. वहिनी माझ्याकडे बघत राहिली. “अशा काय गेल्या त्या? मी भाजीबद्दलच विचारलं ना?” गंगी गेली हेसुद्धा तिला मीच नंतर सांगितलं. तिने तोंडावर पदर घेतला.

काही दिवसांनी हिराबाई परत आली. या वेळी टोपलीच नव्हती. परसदारी बसून ती वहिनीला म्हणाली, “बाय, येकदा बोल. तवा बोललीस तसं बोल.” वहिनीने प्रयत्न केला. मी बघत होते, तिचा चेहरा घामाने भिजला होता. तिने तेच शब्द म्हटले, तसेच त लावून म्हटले. पण ते नुसते शब्द होते. हिराबाईने मान हलवली. “नाय,” ती म्हणाली. “आता तू बोलतस.” आणि वहिनीचा हात हातात घेऊन दोघी रडल्या. तेव्हा मला कळलं की हे मागून मिळत नाही. तिच्या नकळत येतं, आणि जातं.

या प्रसंगानंतर वर्षभरात मी सासरी ठाण्याला गेले आणि आणखी काही वर्षांनी आई गेली. साधंच आजारपण, पडून राहिली आणि गेली. मी तेव्हा पहिलटकरीण होते. आईच्या दिवसांना माहेरी आले ती बाळंतपणासाठी तिथेच राहिले. तेराव्याचे पाहुणे पांगले होते. संध्याकाळ व्हायची होती. तात्या ओटीवर पोथी उघडून बसले होते आणि मी त्यांच्या जवळ वाती वळत होते. दादा कचेरीतून यायचा होता. तात्यांनी सवयीने आत पाहून हाक मारली, “अहो, जरा पाणी आणा बघू.” हाक मारली आणि मग त्यांना आठवलं. ते ओठ आवळून पोथीत बघायला लागले. आणि आतून उत्तर आलं, “आलो की. जरा थांबा.”

मला आठवतंय, तात्या पटकन म्हणाले, “आलो नाही, आले म्हणावं.” म्हणाले, आणि उभे राहिले. पोथी खाली पडली. आम्ही दोघं स्वयंपाकघराच्या दारापर्यंत गेलो. वहिनी पाण्याचा तांब्या भरत होती. वर पाहून म्हणाली, “आणतच होते मी, मामंजी. उशीर झाला का?”

त्यानंतर ते वारंवार होऊ लागलं. सकाळी विहिरीवर, दुपारी भांडी घासताना, कधी एकटीच गुणगुणताना. एकदा दादा जेवायला बसला असताना तिने त्याला आईच्या तोंडचं त्याचं लहानपणचं नाव घेऊन भात वाढला. ते नाव तिने कधी ऐकलेलंही नव्हतं असं दादा म्हणायचा. मला वाटतं तापात आईने घेतलं असेल. दादा ताट सोडून उठला. शेजारच्या बायका आमच्या विहिरीवर येईनाशा झाल्या. आईला गती मिळाली नाही, सुनेला धरलंय, असं सगळीकडे झालं. दादाचे मित्र त्याला सांगायला लागले की हिला माहेरी धाड. पण तिला माहेर होतंच कुठे?

शेवटी दुर्गाडी किल्ल्याच्या पलीकडून एका मांत्रिकाला बोलावलं. तात्यांनी नको म्हटलं होतं, पण दादाचा धीर सुटला होता. मांत्रिक चांगला उंचापुरा, वयस्क, बोलणं गोड आणि शुद्ध. भर दुपारी माजघरात वहिनीला पाटावर बसवलं. ऊद लावला. शेजारी वेताची छडी ठेवली. मी भिंतीशी बसले होते, माझे दिवस भरत आले होते, मला कोणी तिथे बसू देत नव्हतं. पण तिने माझ्याकडे असं पाहिलं की मला उठवेना. मांत्रिक तोंडातल्या तोंडात काहीबाही पुटपुटत राहिला. मग छडी उचलून म्हणाला, “बोल. कोण आहेस तू?”

वहिनीचे दात वाजत होते. ती म्हणाली, “मले नाई माहीत, बाप्पा. तुम्ही कायले रागावून राह्यले माह्यावर?”

आम्हाला वाटलं, हे आणखी तिसरंच कोणी आलं. पण मांत्रिकाकडे बघितलं तर त्याच्या हातातली छडी खाली आली होती. ही वऱ्हाडातली बोली. हा माणूस वऱ्हाडातला होता हे कल्याणात कोणाला माहीत नव्हतं. कित्येक वर्षं तो इथलंच बोलत होता. त्याच्या पुटपुटण्यातून तिच्या कानाने ते उचललं असेल. असेलच. त्याने हळू आवाजात विचारलं, “तुला कोणी सांगितलं?” ती म्हणाली, “काय बाप्पा?” तो उठला. ऊद तसाच जळत होता. दादा त्याच्या मागोमाग पायरीपर्यंत गेला आणि मीही भिंत धरत गेले. वहाणा घालताना तो म्हणाला, “हिच्या अंगात कोणी नाही.” दादाला हायसं वाटलं असावं, तो म्हणाला, “म्हणजे बाहेरचं काही नाही ना?” मांत्रिकाने आत एकदा पाहिलं. “मी तसं म्हटलं नाही. कोणी नाही म्हटलं.” आणि काही न घेता गेला.

वहिनीने ते आतून ऐकलं होतं. दुसऱ्या दिवशी माझ्या पायांना तेल लावता लावता ती म्हणाली, “वन्सं, कोणी नाही म्हणजे... मीसुद्धा नाही का?” मी म्हटलं, “काहीतरी काय बोलतेस?” पण माझा आवाज मलाच खोटा वाटला. तिने पुन्हा विचारलं नाही.

दादाने त्याच्या परीने तोडगा काढला. त्याने तिला सांगितलं, “तू बोलूच नकोस.” मारलं नाही, हाकललं नाही, एवढंच सांगितलं, आणि तिने ते पाळलं. घरात एक बाई दिवसभर वावरत होती आणि तिचा शब्द नव्हता. खुणेने विचारायची, मानेने उत्तर द्यायची. आमच्या घरात भांड्यांचा इतका आवाज होतो हे मला तेव्हाच पहिल्यांदा जाणवलं. तात्यांचं जेवण कमी झालं. ते ओटीवरून उठून माजघरात, स्वयंपाकघराच्या दाराजवळ पोथी घेऊन बसायला लागले. पान मात्र उलटत नसत. एक दिवस जेवून उठताना ते तिला म्हणाले, “मुली, एकदा आलो म्हण.” ती घाबरून दादाकडे बघायला लागली. दादा खाली बघत होता. मग तिने म्हटलं. “आलो.” तात्यांनी मान हलवली. “नको,” ते म्हणाले. “उगीच नको.”

माझे दिवस भरले. सकाळी कळा सुरू झाल्या, दुपार कलली तरी सुटका होईना. सुईणीचा चेहरा उतरलेला मला दिसत होता. मला भान राहिलं नाही. मी आईला हाका मारायला लागले. मेलेल्या माणसाला अशा वेळी हाक मारू नये म्हणून सुईण माझं तोंड दाबत होती. तेवढ्यात कोणीतरी माझं डोकं मांडीवर घेतलं आणि कानाशी म्हणालं, “यमे, मी हाय की. भिऊ नको. मी कुठं जातो तुला सोडून?”

आजवर मी हे कोणाला सांगितलेलं नाही. त्या आवाजाची मला भीती वाटली नाही. उलट मी तो आवाज घट्ट धरला. तो बोलत राहिला, आईच्या धापेसकट, आईच्या हेलासकट, आणि मी त्याच्या आधाराने बाहेर आले. मुलगी झाली. ती रडली तेव्हा डोळे उघडून वर पाहिलं, तर वहिनी. तिच्या लक्षात आलं होतं की आपण बोललो, आणि दादाचा शब्द मोडला म्हणून ती भेदरली होती. दाराबाहेर दादा उभा होता. त्याने सगळं ऐकलं होतं. तो आत न येता म्हणाला, “द्वारके... बोल तू. पाहिजे तसं बोल.” आणि तो ओटीवर जाऊन रडला, असं तात्यांनी मला नंतर सांगितलं.

त्यानंतर घराने एक शिस्त लावून घेतली. तिच्या तोंडी आई आली की कोणी चमकायचं नाही, कोणी दारात जायचं नाही, तिला काही सांगायचं नाही. कारण तिच्या लक्षात आलं की ते थांबायचं. तात्या रोज माजघरात बसत. आतून काही ऐकू आलं की श्वाससुद्धा हळू घेत. सुधारायचं मात्र त्यांनी सोडून दिलं होतं. मी माहेरी आले की मलाही डोळ्यांनीच गप्प करत. बाहेरच्या माणसाला ते घर कसं दिसलं असतं कोण जाणे! एक म्हातारा भिंतीला कान देऊन बसलेला, आणि आत सून आपल्याशीच बोलत भाकऱ्या थापते आहे.

तात्या गेले तेव्हा मी तिथेच होते. दोन दिवस त्यांना ओळख नव्हती. संध्याकाळचा दिवा लावायची वेळ. वहिनी स्वयंपाकघरात पेज ढवळत होती. तिने आतून विचारलं, “येताय न्हवं? पानं घेतली की.” कोणाला विचारलं, का विचारलं, मला माहीत नाही, जेवणाची वेळच नव्हती ती. तात्यांनी डोळे उघडले. अगदी स्वच्छ आवाजात, कचेरीतून आल्यावर म्हणायचे तसं म्हणाले, “आलो, आलो.” आणि संपलं.

वहिनी पेजेची वाटी घेऊन बाहेर आली. दादा आणि मी तात्यांच्या उशाशी. तिला कळलं. ती खाली बसली आणि हळूच म्हणाली, “मामंजी कोणाला आलो म्हणाले?” दादाने माझ्याकडे पाहिलं. मी दादाकडे. “कोणाला नाही,” मी म्हटलं.

त्या दिवसानंतर आई पुन्हा तिच्या तोंडी आली नाही. एकदाही नाही. पुढची वर्षं दादा आणि ती दोघंच राहिली. मूलबाळ झालं नाही. मी सणासुदीला जाई. एकदा चिंचेखाली बसलो असताना तिने मला विचारलं, “वन्सं, माझी बोली कुठली हो?” मी म्हटलं, “अगं, ही काय, आत्ता बोलते आहेस ती. आपली साधी.” तिला ते पटलं असं मला वाटलं. ती बराच वेळ हसत होती. राजापूरला एकदा जाऊन येऊ असं आम्ही ठरवलं होतं. तिथे कोणी काही बोललं असतं तर तिला ओळखीचं वाटलं असतं कदाचित. राहून गेलं.

तेराव्यापर्यंत मी कल्याणला होते असं वर म्हटलं आहे. त्याच दिवसांतली एक गोष्ट सांगून थांबते. दुपारी मी तिच्या स्वयंपाकघरात डबे पुसत होते. हिराबाई परसदारी आली होती. आता फार थकली आहे. तिच्याशी माझं बोलणं चाललं होतं. माझी बोलायची एक सवय आहे, घरातले सगळे त्यावरून मला चिडवतात. मी प्रत्येक वाक्य “नाही, पण” असं म्हणून सुरू करते, आणि घाईघाईने बोलत जाऊन मध्येच दम घ्यायला थांबते. तशीच काहीतरी बोलत होते, आणि मान वळवली तर माजघराच्या दारात दादा. चौकट धरून उभा. चेहऱ्याला रंग नाही.

“काय रे?” मी म्हटलं.

“काही नाही,” तो म्हणाला. “तू आहेस होय... ती तुझ्यासारखंच बोलायची, यमू. तू आलीस की. तू गेल्यावर आठ-आठ दिवस बोलायची. आम्ही तुला कधी सांगितलं नाही.”

हिराबाई माझ्याकडे बघत होती. तिलाही ते माहीत होतं, हे तिच्या नजरेत दिसलं. आणि मी मनातल्या मनात वहिनीचा आवाज आठवायला लागले. चिंचेखालचा, विहिरीवरचा, माझ्या पायांना तेल लावतानाचा. “मीसुद्धा नाही का?” असं विचारणारा. जो जो आठवला तो माझाच निघाला. तिच्याशी इतकी वर्षं बोलले आणि तिचा म्हणून एक शब्द माझ्या कानात नाही.

दादा दारातून गेला नव्हता. तो माजघरात तिथेच भिंतीला टेकून बसल्याचा आवाज आला. मी वळून पाहिलं नाही. डबा उचलला, पुसायला घेतला आणि हिराबाईला म्हटलं, “नाही, पण मी काय सांगत होते...” सांगण्यासारखं काही उरलं नव्हतं. तरी ऊन उतरेपर्यंत मी बोलत राहिले.